दोन आण्यांची जमीन

कोयनेच्या वरच्या अंगाला, जावळीच्या डोंगरात, आमची म्हातारी माणसं जमिनीची प्रत आण्यांत सांगायची. कुणाची बारा आण्यांची, कुणाची सहा आण्यांची. आमची दोन आण्यांची. आजा हे सांगताना हसायचा, पण हसण्यात थोडी खोच असायची. "सायबानं हात घालून माती मोजली. हाताला दगूड लागला, दोन आणं लिवलं आन् गेला."

हा साहेब म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात जमिनीच्या मोजणीची आणि प्रतबंदीची नवी रीत बसवली. 1847 साली तिचे नियम पक्के झाले. रीत अशी, की शेतात जागोजागी मातीची खोली बघायची, रंग आणि पोत बघायचा आणि नऊ प्रती लावायच्या. काळी, बारीक, एकसारखी माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे. तांबूस, भरड असेल तर एक पायरी खाली. खडे, उतार, पाण्याची वाहणी हे सगळे दोष धरून आणखी खाली. सगळ्यात शेवटी दोन आणे. देशावरच्या काळ्या रानासाठी ही फूटपट्टी चांगलीच होती. तीवर सारा ठरला आणि सारा ठरला म्हणून शेतकऱ्याला जरा श्वास मिळाला, हेही खरं. पण डोंगरावरच्या मातीला खोली आणि रंग या दोनच डोळ्यांनी बघितलं की ती भिकारी दिसते. ती तशी नव्हती.

आता ही माती आली कुठून? शाळेत शिकलो की महाराष्ट्र ज्वालामुखीचा, तेव्हा आम्ही पोरं डोंगराच्या टोकाला तोंड शोधायचो, धूर निघतोय का बघायचो. तसा शंकूसारखा डोंगर इथे नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला. असे थरावर थर. आज उरलेला पसारा 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी सर्वांत जास्त आहे. थर टणक आणि मऊ असे आलटून पालटून आहेत, म्हणून आपले डोंगर जिन्यासारखे दिसतात: कडा, मग माची, पुन्हा कडा, पुन्हा माची. या खडकाला इंग्रजीत ट्रॅप म्हणतात, तो शब्द मुळात स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलेला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लालभडक पट्टा असतो. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा यायला मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजून माती झाला. त्यावर नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून दाबली गेली. म्हणजे माणूस यायच्या कोट्यवधी वर्षं आधी इथे माती होऊन पुरलीही गेली होती!

दगड एकच, तरी देशावर तो काळी माती देतो आणि आमच्याकडे तांबडी. फरक पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. कमी पावसात दगडातला चुना, मॅग्नेशियम जागच्या जागी राहतं आणि फुगणारी-आकसणारी चिकण काळी माती होते. आमच्याकडे पाणी सगळं धुऊन खाली नेतं. मागे राहतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाचा गंज म्हणजे तांबडा रंग. आणखी धुपत धुपत गेलं की शेवटी जांभा, महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर टोपीसारखा बसलेला. कासचा सडा त्यातलाच. तिथे बोटभर मातीत फुलं येतात ती बघायला आता मोटारींची रांग लागते. आमच्या आजीला कुणी सांगितलं असतं की सड्यावरच्या गवतफुलांना लोक तिकीट काढून येतील, तर तिनं त्याची दृष्ट काढली असती.

या हिशेबानं आमची माती कधीच निकामी व्हायला हवी होती. इतक्या पावसात, इतक्या वर्षांत तिच्यातलं कस म्हणावं ते सगळं समुद्राला मिळायला हवं. तरी तिच्यावर जांभळीचं, अंजनीचं, हिरड्याचं दाट रान उभं राहिलं. जावळीचं रान म्हणजे काय, ते 1659 साली अफझलखानाच्या फौजेनं बघितलं. मग हे रान जगलं कशावर? याचं उत्तर मी बऱ्याच उशिरा वाचलं. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाचा ब्युरो आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात सह्याद्रीतल्या तांबड्या मातीवर काम केलं. त्यांना आढळलं, की लाव्हाच्या पोकळ्यांत जी पांढरी खनिजं भरलेली असतात, झिओलाइट म्हणतात त्यांना, ती मातीत हळूहळू विरघळतात आणि चुना पुरवत राहतात. पाऊस नेतो आणि ही खनिजं भरतात. म्हणून ही माती साफ नागवली गेली नाही. आम्ही लहानपणी ज्या पांढऱ्या गारगोट्या ओढ्यात वेचून खेळायचो, त्यांच्यातच ही खनिजं होती.

दुसरा पुरवठा झाडांचा. रानातल्या मातीचा वरचा हातभर थर बघा, तो तांबडा नाही, काळपट तपकिरी आहे. पाला कुजून झालेला. सगळा जीव त्या हातभरात. खाली मुरूम, त्याखाली कातळ. आमच्या लोकांनी शेती केली ती या हातभराशी व्यवहार करून. उतारावरचा एक डाग धरायचा, झुडपं तोडून भाजायची, पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळा. मग डाग सोडून द्यायचा. कारवी, गवत, झुडूप जे येईल ते येऊ द्यायचं. सात-आठ वर्षं, कधी दहा-बारा, त्या रानाकडे कुणी कुदळ घेऊन जायचं नाही. आजा सांगायचा, "रान निजलंय. निजल्याला उठवू नये." कारवी सात वर्षांनी फुलते, तोच आमचा काटा होता.

कुमरी म्हणून जी फिरती शेती सरकारी रानात चाले, ती पणज्याच्या काळातच गेली. मुंबई इलाख्याचे पहिले जंगल अधिकारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन 1847 साली नेमले गेले. त्यांचा कुमरीवर कटाक्ष होता. डोंगर बोडके झाले तर झरे आटतील हे त्यांचं म्हणणं. हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण त्या म्हणण्याच्या पाठीमागून 1878 चा जंगल कायदा आला, त्यानं रान राखीव केलं आणि राखीव रानातलं सागवान विकायला सरकारच मोकळं झालं. झऱ्यांची काळजी आणि लाकडाचा हिशेब एकाच वहीत लिहिला गेला. तिकडे ठाणे-कुलाब्यात राबासाठी फांद्या तोडण्यावरून एवढा गवगवा झाला की 1885 साली सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं.

राब म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, फांद्या, पाला, गवत असे थर रचायचे, वर माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं, म्हणजे सावकाश जळतं. त्या वाफ्यात भाताची, नाचणीची रोपं करायची. राख रोपांना पोसते, तणाचं बी मरतं, चिवट माती भुसभुशीत होते. साहेबाला हे जंगल जाळणं वाटलं. 1889 साली डॉ. व्होल्कर नावाचे शेतीरसायनाचे जाणकार विलायतेहून आले. त्यांनी देशभर फिरून 1893 साली अहवाल दिला. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याला अडाणी समजू नका, असा त्यांचा एकंदर सूर होता आणि राबाचाही विचार त्यांनी गंभीरपणे केला. एवढं करून आमच्याकडे राबाला पाला मिळाला तो मालकीच्या वरकस रानातलाच. आईच्या कपाळावर पाल्याच्या भाऱ्याचा पट्टा शेवटपर्यंत दिसायचा.

हा व्यवहार मोडला तो कोयनेच्या धरणानं. नदीकाठी आमची भाताची चार खाचरं होती. डोंगरानं शेकडो वर्षं जी माती धुऊन खाली आणून ठेवली होती, ती तिथे. 1960 नंतर पाणी चढलं आणि खोऱ्यातली अशी सगळी खाचरं शिवसागराच्या तळाला गेली. अर्ध्या लोकांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड असं लांब लांब नेऊन बसवलं. माझा थोरला चुलता सोलापूरच्या अंगाला गेला. त्याला मिळाली ती काळी जमीन. आण्यांत मोजली तर आमच्यापेक्षा कितीतरी वरची. त्यानं पहिल्या वर्षी आमच्याकडची नाचणी नेऊन पेरली, ती गुडघ्याच्या वर आलीच नाही. एकदा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "पाऊस पडला की ती माती पायाला धरती, सोडतच न्हाई. आपली माती कशी, पाय उचलला की मोकळी." आजा काही बोलला नाही. चुलता परत जाताना त्याच्या पिशवीत त्यानं नाचणीचं पीठ घातलं, बियाणं घातलं नाही.

जे मागे राहिले, त्यांच्यापाशी उतारच उरला. खाचर गेलं म्हणजे भात गेला, मग नाचणी-वरी जास्त पिकवणं आलं. निजलेलं रान आठव्या वर्षाऐवजी चौथ्या वर्षी उठवलं, मग तिसऱ्या. त्यात 11 डिसेंबर 1967 ची पहाट. भूकंपात आमची भिंत पडली आणि घर पुन्हा उभं करायला मालकीतली झाडं तोडली. पुढे कोळसेवाले आले, झाडामागे चार पैसे देऊन रानंच्या रानं भट्टीत घालून गेले. वीस वर्षांत तो काळपट हातभर थर वितभर झाला, मग बोटभर. मी कॉलेजातून सुट्टीला यायचो तेव्हा दर वर्षी नाचणीच्या शेतात गोटे जास्त दिसायचे. आई म्हणायची, "दगडं उगवाया लागली." दगड उगवत नव्हते, माती जात होती. 1985 साली अभयारण्य झालं, 2010 साली व्याघ्र प्रकल्प झाला. रान पुन्हा भरतंय, सोडलेल्या डागांवर कारवी माणसाच्या वर गेलीय. गावं मात्र ओस पडत चाललीत.

गावं बसली ती माचीवर, कारण झरा तिथेच फुटतो. वरच्या दगडातून झिरपलेलं पाणी लाल पट्ट्यावर किंवा घट्ट कातळावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. कड्यावरून आलेली मातीही तिथेच साठते. पाणी आणि माती एका जागी, मग माणूस तिथेच घर बांधणार. पण अडलेलं पाणी फार झालं की जाड मातीचा सगळा थर कातळावरून घसरतो. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यात माळीण असंच गेलं. दीडशेच्या आसपास माणसं. तिथे उतार सपाट करून खाचरं काढायला पडकई म्हणतात, पूर्वी लोक एकमेकांच्या शेतात जाऊन ती हातानं करायचे. यंत्रानं केलेल्या पडकईचं नाव त्या वेळी पुष्कळांनी घेतलं. जुलै 2021 मध्ये महाडजवळ तळीये, इकडे पाटणमध्ये आंबेघर, मिरगाव. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला 2021 च्या त्याच पावसात भेग पडली, हात जाईल एवढी. आता दर पावसाळ्यात नोटीस येते आणि म्हातारी माणसं दोन महिने खालच्या शाळेत पथारी टाकतात. दरम्यान शेजारचा डोंगर प्लॉट पाडून विकला गेला. जेसीबीनं रस्ता काढलाय, त्यामुळे उतार उभा कापला गेलाय आणि जमीन आतून कशी आहे ते आता कुणालाही बघता येतं: वर काळपट रेघ, मग पुरुषभर तांबडी माती, मग मुरूम, खाली कातळ. गेल्या श्रावणात मी तिथे उभा होतो. मुरूम आणि कातळ यांच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं, गढूळ, तांबडं, आणि रस्त्यावर त्याची धार लागली होती.