नँटकेटचा किनारा व हरवलेला थवा

समुद्रकांठीं बसून पांखरें पाहणें हा कांहीं इतिहासाच्या अध्यापकाचा व्यवसाय नव्हे. तथापि अमेरिकेंत शिकणाऱ्या माझ्या कन्येकडे गेलों असतां, तिच्या आग्रहावरून मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिणेस असलेल्या नँटकेट बेटावर दोन दिवस राहण्याचा योग आला. ऑगस्टचा तो शेवटचा आठवडा. आपल्याकडे या सुमारास पावसाच्या सरी चालू असतात. तेथें मात्र उन्हाळा उतरणीस लागलेला, आकाश स्वच्छ, आणि वाऱ्यांत थंडीची पहिली चाहूल. लाट ओसरली कीं तिच्यामागून दहावीस इवलीं पांखरें ओल्या वाळूंत चोंची खुपशीत धांवत, आणि पुढची लाट येतांच पाय न भिजूं देतां मागें पळत. त्यांतलीं कित्येक दीडदोन महिन्यांपूर्वीं उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत अंड्यांतून बाहेर आलेलीं. मी कौतुकानें मोजूं लागलों, तेव्हां मुलगी म्हणाली, "बाबा, हीं तर उरलेलीं. गेलेलीं पाहायचीं असतील तर तुम्हांला पुस्तकांतच शोधावीं लागतील." तिचें तें बोलणें मनांत राहिलें, आणि त्यांतूनच पुढील हकीकत मीं जुळविली.

गेलेल्यांत प्रमुख म्हणजे एस्किमो कर्ल्यू. कर्ल्यू ही लांब व खालीं वांकलेल्या चोंचीच्या पक्ष्यांची जात. तिच्यांतील एकदोन प्रकार हिंवाळ्यांत आपल्या कोंकणकिनाऱ्यावरहि येतात आणि खाडीच्या चिखलांत खेकडे टिपतांना दिसतात. त्यांचा हा अमेरिकन भाऊ मात्र लहानसा, लांबीनें जेमतेम फूटभर. इ. स. १८३३ च्या जुलैअखेर लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावर प्रसिद्ध पक्षिचित्रकार ऑड्युबन यानें त्याचे थवे उतरतांना पाहिले. तेव्हां त्याला आकाश झांकून टाकणाऱ्या प्रवासी पारव्यांची आठवण झाली. लॅब्रॅडॉरच्या माळावरील काळीं रानफळें खाऊन हे पक्षी इतके लठ्ठ होत कीं, छरा लागून खालीं आपटतांच पुष्कळदां त्यांच्या छातीची कातडी फाटे आणि आंतील चरबी मळलेल्या कणकेसारखी दिसे. त्यावरून न्यू इंग्लंडचे लोक त्याला 'कणकेचें पांखरूं' अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत.

त्यांची वाट मोठी विलक्षण होती. उन्हाळ्यांत कॅनडाच्या वायव्येकडील ओसाड मैदानांत घरटीं. मग पूर्वेस लॅब्रॅडॉर. तेथून अटलांटिक महासागरावरून सरळ दक्षिण अमेरिका. आर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशांत मुक्काम. आणि वसंत ऋतूंत परत येतांना टेक्सस, कॅन्सस व नेब्रास्का यांच्या माळरानांवरून उत्तरेकडे. न्यू इंग्लंडचा किनारा खरें पाहतां त्यांच्या वाटेवर नव्हताच. ते दूर समुद्रावरून निघून जात. परंतु ऑगस्टच्या अखेरीस वादळ उठलें म्हणजे कांहीं थवे किनाऱ्याकडे लोटले जात. म्हणून नँटकेटचे शिकारी त्या दिवसांत पक्ष्यांपेक्षां वादळाचीच अधिक वाट पाहत.

२९ ऑगस्ट १८६३ रोजीं त्यांची ती इच्छा पुरेपूर फळास आली. सोनचिखल्या आणि कर्ल्यू यांचे थवे त्या दिवशीं बेटावर इतके उतरले कीं, एका दिवसांत सात-आठ हजार पक्षी मारले गेले. बेटावरील छरे संपले, तेव्हांच काय ती ही हत्या थांबली! ही नोंद आपणांस मिळते ती जॉर्ज हेन्री मॅके याच्या लेखणींतून. हा मॅके स्वतः पट्टीचा शिकारी. परंतु रोजनिशी ठेवण्याची संवय असलेला. वारा कोठून वाहत होता, थवे किती आले, किती मारले, हें सारें तो निष्ठेनें टिपून ठेवी. आणि १८९० नंतर पक्षिशास्त्राच्या एका नियतकालिकांत त्यानें या पक्ष्यांवर लेख लिहिले. मारणाऱ्याच्या वहीवांचून मेलेल्यांचा इतिहास आज आपणांस लिहितां आला नसता, हा या प्रकरणांतील पहिला विचित्र योग होय.

परंतु नँटकेटच्या माथीं सारा दोष मारणें अन्यायाचें होईल. मोठा घाला पडला तो वसंत ऋतूंत, संयुक्त संस्थानांच्या मधल्या माळरानांवर. प्रवासी पारवे बाजारांत विरळ होऊं लागतांच धंदेवाईक शिकारी कर्ल्यूकडे वळले. आगगाडी माळरानांत पोंचली होतीच. मारलेले पक्षी पूर्वेकडील शहरांच्या बाजारांत जाऊं लागले. पक्ष्यांचा स्वभावहि त्यांच्या मुळावर आला. जखमी सोबत्याची हांक ऐकून उरलेला थवा परत फिरे आणि पुन्हां बंदुकीच्या टप्प्यांत येई. वर्षाकाठीं एका घरट्यांत चारच अंडीं. तेव्हां ही तूट भरून कशी निघावी? शिवाय माळरानें नांगराखालीं गेलीं, आणि ज्या टोळांच्या अंड्यांवर हे पक्षी वाटेंत पोट भरीत, ते टोळहि नाहींसे झाले. त्यांचा शेवटचा जिवंत नमुना १९०२ सालचा आहे.

येथें मनांत एक प्रश्न उभा राहतो. हे लोक कांहीं क्रूर राक्षस नव्हते. मग एवढा ऱ्हास कोणाच्याच डोळ्यांवर कसा आला नाहीं? मला वाटतें, त्याचें कारण असें कीं, सबंध पक्षी कोणीच पाहिला नव्हता. नँटकेटच्या शिकाऱ्यानें ऑगस्टमधील दोन दिवस पाहिले. नेब्रास्काच्या शेतकऱ्यानें वसंतांतील कांहीं आठवडे. लॅब्रॅडॉरच्या कोळ्यानें फळें पिकण्याचा काळ. एका वर्षीं थवा आला नाहीं, तर वारा अनुकूल नसेल असें प्रत्येकास वाटणें साहजिक होतें. प्रत्येकाच्या हातीं हिशेबाचें एकेक पान. बेरीज करणारा कोणी नव्हता.

ती बेरीज पुढें कायद्यानें केली. १६ ऑगस्ट १९१६ रोजीं कॅनडाच्या वतीनें ग्रेट ब्रिटन व संयुक्त संस्थानें यांच्यामध्यें प्रवासी पक्ष्यांविषयीं तह झाला, आणि १९१८ सालीं त्याला अनुसरून कायदा आला. कर्ल्यूच्या शिकारीस दहा वर्षें पूर्ण बंदी हें त्या तहाचें एक कलम होतें. मिसूरी संस्थानानें तक्रार केली कीं, आमच्या हद्दींतील पक्षी आमचे. मध्यवर्ती सरकारचा येथें संबंध काय? १९२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती तक्रार फेटाळली. न्यायमूर्ति होम्स यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ असा कीं, जो पक्षी काल येथें नव्हता व उद्यां दुसऱ्याच संस्थानांत असेल, त्याच्यावर मालकी सांगणें म्हणजे दुबळ्या पायावर इमारत रचणें होय. या कायद्यानें सोनचिखल्या व इतर कित्येक जाती तगल्या. कर्ल्यूला मात्र त्याचा लाभ झाला नाहीं. १९६२ सालीं टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन येथें त्याचीं छायाचित्रें घेतां आलीं. १९६३ च्या सप्टेंबरांत बार्बाडोस बेटावर एक पक्षी एका शिकाऱ्याच्या गोळीस बळी पडला. त्यानंतर निःसंदिग्ध असा पुरावा नाहीं.

हें सारें परदेशचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. जुन्या जगांतील सडपातळ चोंचीचा कर्ल्यू १९९५ सालीं मोरोक्कोंत शेवटचा खात्रीनें दिसला, आणि २०२५ सालीं तो नामशेष झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. दुर्बिणी, छायाचित्रें, जागतिक संस्था हीं सर्व साधनें या वेळीं हाताशीं होतीं. म्हणजे बेरीज करणारे असूनहि ती वेळेवर होतेच असें नाहीं.

परत आल्यावर, पाऊस सरतां सरतां, एका रविवारीं मी अलिबागेस गेलों. ओहोटी लागली होती. खडकांच्या पलीकडे चिखलांत चार कर्ल्यू चरत होते. नुकतेच उत्तरेकडून आलेले असावेत. जवळच कालवें काढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईस मीं विचारलें, "हे पक्षी दरसाल येतात का हो, आजी?" ती म्हणाली, "येतात कीं. पण मोजतो कोण?"

मीं खिशांतून वही काढली, आणि तारीख, वेळ व चार हा आंकडा लिहून ठेवला.