खर्जावर उभा राहिलेला अल्बम

‘द लो एंड थिअरी’ हा न्यूयॉर्कच्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाचा दुसरा अल्बम. जाइव्ह रेकॉर्ड्सने तो २४ सप्टेंबर १९९१ रोजी प्रकाशित केला. क्यू-टिप आणि फाइफ डॉग हे गटातले रॅपर, तर अली शहीद मुहम्मद डीजे. संगीताची मुख्य आखणी क्यू-टिपची होती आणि त्याचे वय तेव्हा अवघे २१ होते. जॅझचे तुकडे रॅपमध्ये वापरणारा हा पहिला अल्बम नव्हे. स्टेट्सासॉनिक या गटाने १९८८मध्ये, गँग स्टार या गटाने त्यानंतर लगेच ती वाट धरली होती. मात्र त्या प्रयोगांत जॅझ बहुधा ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या झळाळीतून ऐकू येई. या अल्बमने ते खालून, खर्जातल्या बासपासून उचलले, आणि त्याचे खरे मोठेपण इथेच आहे.

क्यू-टिप आणि फाइफ हे बालमित्र क्वीन्स भागातल्या सेंट ऑल्बन्समध्ये वाढले. या वस्तीला जॅझचा शेजार जुना होता. तिच्यातल्या ॲडिस्ले पार्कमध्ये कृष्णवर्णीयांना घर विकू नये, अशा अटी खरेदीखतांत घातलेल्या होत्या. तरीही फॅट्स वॉलर, काउंट बेसी, एला फिट्झजेराल्ड, लीना हॉर्न, बासवादक मिल्ट हिंटन अशी मंडळी तिथे राहायला आली. असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४८चा. पुढे जॉन कोल्ट्रेननेही सेंट ऑल्बन्समध्येच घर घेतले. क्यू-टिपच्या वडिलांकडे जॅझच्या रेकॉर्डचा मोठा संग्रह होता. म्हणजे या मुलांना जॅझ शोधायला दूर जावे लागले नाही. ते घरातल्या मोठ्यांचे संगीत होते. हिप-हॉप ऐकून आपल्या वडिलांना बीबॉप या जॅझशैलीची आठवण होते, हे क्यू-टिपने अल्बमच्या पहिल्याच गाण्यात सांगून टाकले आहे.

शाळकरी वयात क्यू-टिप दोन कॅसेटच्या डेकवर ‘पॉज टेप’ बनवत असे. रेकॉर्डवरचा आवडता तुकडा टेप करायचा, पॉजचे बटण दाबायचे, सुई मागे न्यायची आणि तोच तुकडा पुन्हा जोडायचा. चिकाटीच्या या कामातून कान तयार झाला. त्या काळी हिप-हॉप निर्मात्यांच्या हाती आलेले ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे रेकॉर्डवरचे तुकडे (‘सॅम्पल’) साठवून वाजवणारे यंत्र फार तोकडे होते: स्मृती जेमतेम १० सेकंदांची आणि आवाजाचा दर्जा १२ बिटचा. म्हणून निर्माते ३३च्या गतीची तबकडी ४५वर वाजवून सॅम्पल घेत आणि यंत्रात ती पुन्हा संथ करत. जागा वाचे आणि आवाजाला एक खरबरीत वजन येई. अकाईच्या एस-९५० सॅम्पलरमधल्या फिल्टरने वरचे स्वर छाटले की उरे तो गोल, घुमणारा बास.

‘एक्स्कर्शन्स’ हे पहिले गाणे या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. त्याचा बास आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्सच्या ‘अ चांट फॉर बू’मधून घेतलेला. मूळ चाल तीन मात्रांच्या अंगाची. क्यू-टिपने ती वाढवून चारच्या ठेक्यात बसवली. नुसता तुकडा उचलून अशी रचना होत नाही. लयीचे अंतर्गत गणित कळल्याशिवाय ती साधणे अशक्य. सुरुवातीला केवळ हा बास आणि आवाज आहे, ढोल मागाहून येतात. रॅपच्या अल्बमची एवढी मोकळी सुरुवात करायला धारिष्ट लागते. ध्वनिमुद्रक बॉब पॉवरने अशा जुन्या, खरखरत्या सॅम्पलांना स्वच्छ आणि भक्कम रूप दिले.

‘व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट’साठी तर साक्षात रॉन कार्टर स्टुडिओत आले. १९६३ ते १९६८ या काळात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात डबल बास वाजवणारे कार्टर तेव्हा ५४ वर्षांचे होते. गाण्यात शिवराळ शब्द नकोत, अशी त्यांची अट होती. दोन पिढ्यांची ही भेट सॅम्पलमधून घडली नाही, समोरासमोर घडली.

अल्बम आल्यावर चारच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, माइल्स डेव्हिस निवर्तले. शेवटच्या दिवसांत तेही निर्माता ईझी मो बी याच्यासोबत हिप-हॉपच्या ठेक्यांवर काम करत होते. तो अल्बम, ‘डू-बॉप’, १९९२मध्ये बाहेर आला. १९९३मध्ये गँग स्टारमधल्या गुरू या रॅपरचा ‘जॅझमॅटाझ’ आला, डिगेबल प्लॅनेट्स या गटाचे पदार्पण झाले, आणि ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या खजिन्यातून सॅम्पल घेणारा अस-थ्री हा गट गाजला.

दरम्यान सॅम्पलचा मोकळा काळ संपला होता. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीला गायक गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याच्या विनापरवाना वापराबद्दल दोषी धरले, आणि त्याचा अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि मोबदला हा नियमच झाला. अनेक जुन्या रेकॉर्डांचे थर एकावर एक रचणे महागडे ठरले. काही निर्मात्यांनी एकाच सॅम्पलवर गाणे उभे केले, तर काहींनी वादकांनाच स्टुडिओत बोलावले.

‘द लो एंड थिअरी’ला १९९५मध्ये १० लाख प्रतींचा प्लॅटिनम दर्जा मिळाला. फाइफ डॉगचे २०१६मध्ये निधन झाले. २०२२मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत जतनासाठी दाखल केला.