परसातले तळे आणि माशाचे बी



तळे खणणे हे आपल्याला नवे नाही. कुदळ-फावडे, टोपली आणि दहा माणसांचे हात असले की घरामागे गुंठाभर तळे होते. पावसाळ्यात ते भरते. पण त्यात सोडायचे मासे आणायचे कुठून? ज्वारीचे बी आपण कणसातून निवडून ठेवतो, वांग्याचे बी राखेत घोळून ठेवतो. माशाचे बी कसे ठेवणार? या एका प्रश्नाने परसात मासे पाळणाऱ्याला शेकडो वर्षे अडवून धरले होते. तो प्रश्न कसा सुटला, त्याची ही हकिगत. ती नीट ध्यानात घेतली, तर यंदा बी विकत घेताना तुमची फसगत होणार नाही.

जुनी विद्या

मासे पाळण्याची विद्या फार जुनी आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेलेल्या फान ली नावाच्या गृहस्थाच्या नावावर तळ्यातल्या मत्स्यपालनाची एक छोटी पोथी सांगितली जाते. त्याने पाळायला सांगितलेला मासा म्हणजे आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तो. हा मासा साठलेल्या पाण्यातच, पाणवनस्पतींवर अंडी घालतो. म्हणजे चिनी शेतकऱ्याच्या तळ्यात त्याचे बी घरचेच होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपल्याकडेही माशांचा अभ्यास होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या सरहद्दीला लागूनच. या ग्रंथात मत्स्यविनोदाचे एक प्रकरण आहे. माशांच्या तीसहून अधिक जाती, कोणता मासा कुठे राहतो, कोणाला कोणते खाद्य आवडते, असे त्यात सांगितले आहे. राजाचा हेतू गळ टाकून करमणूक करण्याचा होता, हे खरे. पण प्रत्येक माशाचा राहण्याचा थर वेगळा आणि खाणे वेगळे, हे त्या काळी लोकांना पक्के ठाऊक होते, एवढे त्यावरून दिसते.

बंगालचा पुकूर आणि विदर्भाची बोडी

परसातले तळे खऱ्या अर्थाने घरोघरी पोचले ते बंगालमध्ये. तिकडे जमीन सखल, पुराचे भय मोठे. घराचे जोते उंच करायचे तर माती हवी. ती माती घराशेजारून काढायची, आणि जो खड्डा पडेल तो पाण्याने भरायचा. तोच त्यांचा ‘पुकूर’. त्यात आंघोळ, त्यातच धुणी-भांडी, काठावर नारळ आणि केळी, पाण्यात रोहू आणि कटला. पाहुणा दारात आला की जाळे टाकायचे आणि तासाभरात कालवण चुलीवर.

आपल्याकडे विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात गोंड राजांच्या काळापासून तलावांची परंपरा आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा, मासेमारीत ढिवर समाजाचा. धानाच्या बांधीजवळ शेतकऱ्याची जी छोटी तळी असतात, त्यांना तिकडे ‘बोडी’ म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. म्हणूनच आज त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात.

या बोडीत मासे कोणी मुद्दाम सोडत नसे. ते आपल्या पायाने, नव्हे आपल्या पंखाने येत. मृगाचा पाऊस पडला, ओढे वाहू लागले, की मासे नव्या पाण्यावर उलटे चढतात. देशावर आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, कोकणात त्याला वलगण म्हणतात. ही मासळी अंडी घालायलाच चढत असते. मरळ, मागूर, शिंगी अशी जी मंडळी आहेत ती हवेतला प्राणवायूही घेऊ शकतात, त्यामुळे उन्हाळ्यात बोडी आटत आली तरी चिखलात तग धरतात. पण चढणीची सगळीच मासळी पाटी लावून धरली, तर पुढच्या वर्षी बोडी रिकामी. जुने जाणते लोक थोडी वाट मोकळी ठेवत, ते उगाच नव्हे.

अडचण कुठे होती?

आता रोहू, कटला आणि मृगळ यांच्याकडे वळू. हे तिन्ही मासे भराभर वाढतात, एकमेकांना खात नाहीत, चवीला चांगले. तळ्यासाठी याहून बरे मासे कोणते? पण यांची एक खोड आहे. तळ्यात ते मोठे होतात, मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती ती घालत नाही. तिला हवे असते पुराचे वाहते, गढूळ, ताजे पाणी. नदीला पूर आला की काठच्या उथळ पाण्यात ती अंडी सोडते. तळ्यात पूर येत नाही, आणि अंडी पोटातल्या पोटात जिरून जातात.

म्हणून सगळे बी नदीतून आणावे लागे. आषाढ-श्रावणात गंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी बारीक जाळी लावून अंडी आणि पिले गोळा करत. आज बांगलादेशात असलेल्या हालदा नदीकाठी तर अंडी काठावरच्या मातीच्या खड्ड्यांत उबवण्याची चाल होती. मग ही पिले मातीच्या हंड्यांत भरून, हंडी हाताने सतत हलवत, आगगाडीने दूरदूर नेत. हात थांबला की पाण्यातली हवा कमी पडून पिले मरत.

आणि जगली ती तरी कोणती? एवढ्याशा जिऱ्याएवढ्या पिलांत रोहू कोणता आणि दुसऱ्याला गिळणारा मासा कोणता, हे डोळ्यांनी ओळखणे कठीण. विकणाऱ्याला खात्री नाही, तर घेणाऱ्याला कुठून असणार? शेतकऱ्याने पैसे मोजून हजार पिले सोडावीत, आणि वर्षाने जाळे ओढावे तो हाती दहा-वीस दांडगे मासे, बाकी सारे त्यांच्या पोटात. नदीपासून लांब राहणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तर एवढेही बी मिळणे मुश्कील. तळे होते, पाणी होते, बी नव्हते.

बंगालच्या बांकुडा आणि मेदिनीपूर भागातल्या लोकांनी यावर एक युक्ती काढली होती. उतारावर बांध घालून असे तळे करायचे, की जोराचा पाऊस आला की माळावरचे पाणी लोंढ्याने त्यात शिरेल. माशाला वाटते पूरच आला, आणि तो अंडी घालतो. युक्ती नामी, पण तसा उतार आणि तसा पाऊस हवा. सगळीकडे ती चालणारी नव्हती.

१० जुलै १९५७

माशाला ‘पूर आला’ हे कळते कसे? मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते, तिला पियूषिका म्हणतात. पुराच्या पाण्याची चाहूल लागली की ही ग्रंथी रक्तात एक रस सोडते, आणि त्या रसाने अंडी सुटी होतात. मग हा रसच बाहेरून टोचला तर? १९३० नंतरच्या दशकात ब्राझीलमध्ये हा प्रयोग माशांवर यशस्वी झाला. त्याच दशकात पंजाबात हमीद खान यांनी मृगळ माशावर प्रयत्न केला, पण त्यांनी सस्तन जनावरांची ग्रंथी वापरली होती.

हे काम तडीस नेले डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. १९२१ साली सिल्हेट भागात जन्मलेले हे शास्त्रज्ञ मत्स्य संशोधन केंद्राच्या कटक विभागात काम करीत होते. त्यांनी आधी लहानसहान माशांवर हात बसवला. दुसऱ्या पिकल्या माशाच्या डोक्यातून ग्रंथी काढायची, मद्यार्कात टिकवायची, खलात घोटायची आणि तिचे पाणी नर-मादीला टोचायचे, अशी ही रीत. ओरिसातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी, साठलेल्या पाण्यात, कापडी हाप्यात ठेवलेल्या आपल्या देशी मोठ्या माशांनी अंडी दिली. डॉ. अलिकुन्ही हे या कामातले त्यांचे सहकारी. २००१ पासून १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो याचसाठी.

याचा अर्थ नीट पाहा. मादीच्या एका किलो वजनामागे लाख-दोन लाख अंडी मिळतात. नर-मादी आपण निवडलेली, त्यामुळे पिले कोणत्या जातीची याची खात्री. नदीकाठी धावायला नको, पुराची वाट पाहायला नको. पुढे हंडीच्या जागी प्राणवायू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आली, ग्रंथीच्या जागी तयार इंजेक्शने आली, आणि १९८० च्या दशकात गोल चिनी पद्धतीची उबवणी केंद्रे आली. १९५९ मध्ये गवत्या आणि चंदेरी हे चिनी मासेही देशात आणले गेले, आणि १९७१ पासून देशी-परदेशी सहा जाती एकाच तळ्यात वाढवण्याचे प्रयोग देशभर झाले. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. प्रत्येकाचे ताट वेगळे, म्हणून भांडण नाही.

सोप्या बीजाचा धोका

तुम्ही म्हणाल, जो मासा तळ्यातच पिले देतो तोच का पाळू नये? १९५२ मध्ये तिलापिया आपल्या देशात आणला तो याच विचाराने. झाले काय? तो लहान वयातच पिले देऊ लागतो, मादी पिलांना तोंडात सांभाळते, आणि बघता बघता तळ्यात माशांची एवढी गर्दी होते की कोणीच बोटाच्या वर वाढत नाही. शिवाय नदी-तलावांत पसरून त्याने देशी माशांची जागा घेतली. आफ्रिकन मागूर तर त्याहून वाईट, दिसेल ते खातो. त्याच्या पालनावर सरकारची बंदी आहे. ‘थाई मागूर’ म्हणून कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. डासांसाठी हौदात गप्पी सोडता ते ठीक, पण ते ओढ्यात किंवा तलावात टाकू नका.

तर यंदा काय कराल?

तळे प्लॅस्टिकचे असो वा मातीचे, २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले असो वा स्वतः खणलेले, पुढच्या गोष्टी पाळा.

१. आधी तळ्यातले जुने भक्षक मासे काढा. मातीच्या तळ्यात मोहाची पेंड चालते. गुंठाभर तळ्यात मीटरभर पाणी असेल तर सुमारे २५ किलो. मात्र त्यानंतर किमान तीन आठवडे बी सोडू नका, आणि ते पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका.

२. बी सरकारी किंवा खात्रीच्या केंद्रातूनच घ्या. अंड्यातून निघालेले ते मत्स्यजिरे, त्याहून मोठे ते मत्स्यबीज, बोटाएवढे झाले की बोटुकली. परसातल्या तळ्यात बोटुकलीच सोडा. थोडे पैसे जास्त पडतात, पण मर कमी होते आणि जात डोळ्यांनी ओळखता येते.

३. एका गुंठ्याला ५० बोटुकली पुरे. त्यात २० कटला, १५ रोहू, १५ मृगळ. लोभाने दोनशे सोडलीत तर दोनशेही खुरटतील.

४. पिशवी आणली की लगेच ओतू नका. तोंड बांधलेली पिशवी १५-२० मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवा. मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्या, आणि पिलांना आपसूक बाहेर जाऊ द्या. हे काम सकाळी किंवा उन्हे कलल्यावर करा.

५. भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी द्या. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले की समजा, पाण्यात प्राणवायू कमी पडला. त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि ताजे पाणी उंचावरून सोडा.

आणि एक विचारायचे विसरू नका. केंद्रवाल्याला विचारा, ‘जनक मासे कुठले, किती वर्षांपूर्वी बदलले?’ त्याच त्या कुळातले नर-मादी पिढ्यानपिढ्या वापरले की बी कमकस होते आणि मासा वाढत नाही. उलट चांगले जनक निवडत गेले तर वाढ सुधारते. १९९७ मध्ये दिलेला ‘जयंती रोहू’ असाच पिढ्यानपिढ्या निवड करून तयार झाला आहे. एका काळी घेणाऱ्याला विचारण्याची सोयच नव्हती, कारण विकणाऱ्यालाही उत्तर माहीत नसे. आज त्याला उत्तर माहीत असायला हवे. ते तुम्ही मागा. जो सांगणार नाही, त्याच्याकडची पिशवी घेऊ नका.