पेशीच्या अंगचे बळ



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने शरीरातील पेशींविषयी बोलावे, हे आपणांस थोडे विचित्र वाटेल. माझे शालेय शिक्षण सातवीला थांबले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयातले. पण या विषयाकडे मला एका बोटाने ओढले. १९९६ साली आमच्या एका सभासदाचा हात यंत्रमागात सापडला. जखम भरली. मालकाचा माणूस म्हणाला, "बरा झाला की! आता भरपाई कसली?" परंतु तर्जनी तळव्याकडे वाकून बसली होती, तुटल्या धाग्याला गाठ मारता येईना. तुटलेल्या बोटाची टक्केवारी तेव्हाच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात छापलेली होती. वाकलेल्याची डॉक्टरच्या दाखल्यावर ठरे. हे बोट वाकवले कोणी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

उत्तराचा आरंभ हंगेरीतील सेगेद गावी होतो. क जीवनसत्त्वाच्या संदर्भात ज्यांचे नाव आपण ऐकले असेल, ते सेंट-ज्यॉर्जी तेथे ऐन महायुद्धात स्नायूंचा अभ्यास करीत होते. वाटलेला स्नायू खारट पाण्यात थोडा वेळ ठेवला तर पातळ अर्क मिळे, रात्रभर राहिला तर घट्ट. हा फरक इलोना बांगा या बाईंच्या ध्यानात आला. (दुसरा कोणी ते भांडे धुऊन टाकता!) त्या घट्टपणाचे कारण होते अॅक्टिन, ब्रुनो श्ट्राउब यांनी ते १९४२ साली वेगळे केले. अॅक्टिन आणि मायोसिन यांच्या मिश्रणाचा धागा काढून त्यास ए.टी.पी. हे पेशीतील इंधन दिले, तो धागा आकसला. प्राण्याबाहेर, काचेच्या भांड्यात! आयुष्यातला बहुधा सर्वांत रोमांचकारी क्षण म्हणून सेंट-ज्यॉर्जींनी पुढे त्याची आठवण सांगितली आहे.

हे यंत्र एकट्या स्नायूचे नव्हे. १९६६ साली जपानात हातानो आणि ओसावा यांनी ओल्या, कुजक्या लाकडावर पसरणाऱ्या एका लिबलिबीत जिवातून अॅक्टिन काढले. त्याला स्नायू कुठले? हळूहळू दिसले की आपल्याही साध्या पेशींत हेच सामान आहे. पुढच्या कडेला अॅक्टिनचे तंतू वाढत जाऊन पेशीचा पापुद्रा पुढे रेटतात, पेशी खालच्या पृष्ठाला पकड घेते, आणि मायोसिन आतून ओढते.

ही ओढ डोळ्यांना दाखवली ती अमेरिकेतील अॅल्बर्ट हॅरिस यांनी, १९८० साली. युक्ती किती साधी! सिलिकोन तेलावर क्षणभर ज्योत धरली, वर रबरासारखी पातळ साय आली, तिच्यावर पेशी सोडल्या. पेशीने ओढ घेतली की सायीला सुरकुत्या पडत. मला आवडली ती यापुढची गोष्ट. भरभर धावणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या मानाने फारच थोडी ओढ घेतात. सर्वांत जोराने ओढतात त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे शरीराचा जोडतंतू विणणाऱ्या पेशी, आणि त्या चालतात मात्र संथ. चालण्यापुरते बळ लागते, त्याहून त्यांचे बळ कितीतरी अधिक. मग ते कशासाठी? १९८१ साली हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलॅजनच्या मऊ थरात या पेशी वाढवल्या, तेव्हा तंतू ओढले जाऊन सरळ रांगांत बसले. म्हणजे ही पेशी नुसती वाट चालत नाही, वाट घडवते. आणि मागून येणाऱ्या पेशी त्या रांगांच्या दिशेने जातात.

दाट ऊतीत आणखी एक अडचण असते. पेशीचे केंद्रक मोठे आणि ताठ. अरुंद फटीत अडकते ते तेच. २०१४ साली पेट्री, कू आणि यामादा यांनी दाखवले की फायब्रोब्लास्ट आपले केंद्रक पुढे ओढून पंपाच्या दट्ट्यासारखे वापरते, आणि त्या दाबाने पुढचा भाग सरकतो. कर्करोगाच्या पेशीही अशा फटींतून घुसतात. त्या वेळी केंद्रकाचे आवरण फाटते आणि पुन्हा सांधले जाते, हे २०१६ साली दिसून आले.

आता बोटाकडे येतो. १९७१ सालीच गॅबियानी, रायन आणि माय्नो यांनी भरत्या जखमेतील फायब्रोब्लास्टमध्ये स्नायूसारखे तंतूंचे जुडगे पाहिले होते. जखमेच्या कडा जवळ आणणारे बळ तेच. आणि सांध्यावरची जखम असली तर बोट वाकवणारेही तेच. म्हणूनच अशा हाताला भरण्याच्या दिवसांतच पट्टी बांधून बोट सरळ ठेवावे लागते, व्यायाम द्यावा लागतो. आमच्या सभासदाला त्या आठवड्यांत हे कोणी सांगितले नाही. दाखल्यावर 'जखम पूर्ण भरली' एवढेच लिहून आले.