जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्डाची निवड

जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्डाची निवड म्हणजे साधारणपणे सात ते बारा वर्षे वापरात असलेल्या डेस्कटॉप संगणकात कमी खर्चात नवे किंवा वापरलेले ग्राफिक्स कार्ड बसवण्यापूर्वी करावयाचा तांत्रिक व आर्थिक विचार होय. संपूर्ण नवा संगणक घेणे परवडत नसलेल्या कुटुंबांत, विशेषतः विद्यार्थ्यांच्या घरी, हा मार्ग पत्करला जातो. मुंबई महानगर परिसरात अशा सुट्या भागांची मुख्य बाजारपेठ दक्षिण मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता ही आहे. मीरा-भाईंदरसारख्या उत्तरेकडील शहरांतील ग्राहक तेथे किंवा ऑनलाइन विक्रेत्यांकडे वळतात. अशा खरेदीत कार्ड कोणते घ्यावे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. संगणकाचा वीजपुरवठा, मदरबोर्ड आणि कॅबिनेट हे तिन्ही मिळून बहुतेक पर्याय आधीच बाद करतात. हा क्रम उलटा झाला, तर घेतलेले कार्ड संगणकात बसत नाही, किंवा बसूनही चालत नाही.

गरजेचा विचार

इंटेलच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांत २०११ पासून चित्रनिर्मितीचा विभाग अंतर्भूत असतो. टंकलेखन, हिशेब, महाजालावरील वाचन, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या आज्ञावली वापरून होणारे मराठी अक्षरजुळणीचे काम आणि एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम यांसाठी तो पुरेसा आहे. संगणक सुरू होण्यास पाच मिनिटे लागतात, ही ग्राफिक्स कार्डाच्या अभावाची खूण नव्हे. तेथे बहुधा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क किंवा अपुरी रॅम हे कारण असते आणि त्याच पैशांत साटा जोडणीची एसएसडी घेतल्यास अधिक फरक पडतो.

स्वतंत्र कार्डाची खरी गरज त्रिमितीय खेळ, त्रिमितीय आरेखन, चलचित्र संपादन आणि यंत्रशिक्षणाचे प्राथमिक प्रयोग यांत भासते. उदाहरणार्थ, ब्लेंडर या मुक्त आज्ञावलीला ४.० आवृत्तीपासून ओपनजीएल ४.३ हे मानक आवश्यक आहे. २०१२ मधील इंटेल कोअर आय५-३४७० या प्रोसेसरातील अंतर्गत चित्रविभाग विंडोजवर ओपनजीएल ४.० पर्यंतच पोहोचतो. अशा यंत्रावर ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कार्डावाचून गत्यंतर नसते. चलचित्र पाहण्याबाबतही असाच अनुभव येतो. यूट्यूब वापरत असलेले व्हीपी९ संकेतन उलगडण्याची सोय त्या काळातील अंतर्गत चित्रविभागांत नाही. त्यामुळे तो भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि मोठ्या आकाराची चलचित्रे अडखळतात.

मॉनिटरचा विचारही येथेच करावा लागतो. १३६६ × ७६८ बिंदूंच्या जुन्या मॉनिटरवर सुमारे साडेदहा लाख बिंदू रंगवावे लागतात, तर १९२० × १०८० च्या मॉनिटरवर सुमारे पावणेएकवीस लाख. जुना मॉनिटर कायम ठेवणार असल्यास निम्म्या क्षमतेच्या कार्डावरही काम भागते.

वीजपुरवठा

भारतीय बाजारात संगणकाच्या वीजपुरवठा पेटीला सर्रास एसएमपीएस म्हणतात. मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट वीज मिळते. याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार जोडावी लागते. मानकानुसार सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळू शकतात. जुन्या संगणकांत या तारा बहुधा नसतातच.

कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० वॅट असा आकडा ठळक छापलेला असतो. त्यावर विसंबू नये. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. म्हणून पेटीच्या बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्या आकड्याला १२ ने गुणावे. तेथे १६ अँपिअर असतील, तर प्रत्यक्ष उपयोगाची शक्ती १९२ वॅट एवढीच ठरते, वर काहीही छापलेले असो. १२ व्होल्टच्या दोन वाहिन्या वेगळ्या दाखवल्या असल्यास त्यांची थेट बेरीजही करता येत नाही. दोहोंची मिळून मर्यादा तक्त्यात निराळी दिलेली असते.

वर उल्लेखिलेल्या आय५-३४७० प्रोसेसरची औष्णिक मर्यादा ७७ वॅट आहे. त्यात ७५ वॅटचे कार्ड आणि मदरबोर्ड, डिस्क व पंखे यांचे सुमारे ५० वॅट मिळवल्यास बेरीज २०० च्या आसपास जाते. १२ व्होल्टवर २५ अँपिअर, म्हणजे ३०० वॅट देणारा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस हा भार सहज पेलतो. याच यंत्रात १८५ वॅटचे रेडिऑन आरएक्स ५८० बसवल्यास बेरीज ३१० वॅटच्या पुढे जाते. मग एसएमपीएस बदलणे अपरिहार्य होते आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळालेले कार्ड अखेरीस महाग पडते.

जुन्या हार्ड डिस्कसाठी असलेल्या चार पिनांच्या मोलेक्स तारेपासून सहा किंवा आठ पिना करून देणारे रूपांतरक बाजारात मिळतात. हलक्या प्रतीच्या तारा त्या प्रवाहाने तापतात आणि प्लॅस्टिक वितळण्याचा धोका असतो. बिनब्रँडचा एसएमपीएस निकामी होताना काही वेळा मदरबोर्ड व डिस्क यांनाही सोबत नेतो. त्यात वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि प्रकल्प जातात. यामुळेच अल्प खर्चाच्या बदलात वेगळी तार न लागणारी, ७५ वॅटच्या आतील कार्डे सर्वांत योग्य मानली जातात.

स्लॉट, कॅबिनेट आणि जोडण्या

पीसीआय एक्सप्रेसच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवून घेतात, म्हणजे नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालते, परंतु वेग जुन्या स्लॉटचा राहतो. सामान्यतः याने फारसे बिघडत नाही. मात्र रेडिऑन आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही २०२२ मधील कार्डे केवळ चार मार्गिका वापरतात. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये त्यांना सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट वहनक्षमता मिळते, तिसऱ्या आवृत्तीत सुमारे ४ आणि दुसऱ्या आवृत्तीत अवघी २. कार्डाची ४ गिगाबाइट स्मृती भरली की खेळ अडखळू लागतात. जुन्या संगणकासाठी म्हणून विकली जाणारी ही कार्डे जुन्या संगणकातच सर्वाधिक उणी पडतात.

कार्यालयांतून निघालेले रिफर्बिश्ड संगणक अलीकडे घरोघरी दिसतात. त्यांतील बारीक कॅबिनेटांत कमी उंचीचे, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच बसते. त्यांचा एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा आणि बहुधा २४० वॅटच्या आसपासचा असल्याने तो बदलणेही अवघड जाते. कार्डासोबत लो प्रोफाइल पट्टी आहे की नाही हे बिल करण्यापूर्वी पाहावे.

पंधरा पिनांचा निळा व्हीजीए सॉकेट असलेले मॉनिटर अद्याप मोठ्या संख्येने वापरात आहेत. एनव्हिडियाने २०१६ च्या जीफोर्स १० मालिकेपासून ॲनालॉग संकेत देणे बंद केले. त्यामुळे अशा मॉनिटरसाठी एचडीएमआय ते व्हीजीए हा सक्रिय रूपांतरक वेगळा घ्यावा लागतो. साधी तार चालत नाही. २०१२ पूर्वीच्या, यूईएफआय नसलेल्या काही मदरबोर्डांवर नवी कार्डे चित्रच दाखवत नाहीत. अशा वेळी दुकानदाराकडून परतीची हमी लेखी घेणे इष्ट असते.

एक नाव, अनेक कार्डे

या क्षेत्रातील सर्वांत मोठी फसगत बेकायदेशीर नाही. उत्पादक कंपन्या एकाच नावाखाली वेगवेगळ्या क्षमतेची कार्डे विकतात. जीफोर्स जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ स्मृतीसह आले. पुढील वर्षी त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीची आवृत्ती निघाली. पहिलीची स्मृती सेकंदाला सुमारे ४८ गिगाबाइट माहिती वाहते, दुसरीची सुमारे १७. खेळांत हा फरक उघड जाणवतो, खोक्यावर मात्र तो बारीक अक्षरांत असतो. जीटी ७३० मध्ये तर फर्मी आणि केप्लर अशा दोन भिन्न पिढ्यांच्या चिप एकाच नावाखाली विकल्या गेल्या. आरटीएक्स ३०५० ची २०२२ मधील ८ गिगाबाइटची आवृत्ती १३० वॅटची असून तिला वेगळी वीजजोडणी लागते. २०२४ मधील ६ गिगाबाइटची आवृत्ती ७० वॅटची असून ती केवळ स्लॉटवर चालू शकते. येथे कमी स्मृतीचे कार्डच जुन्या संगणकास उपयुक्त ठरते.

स्मृतीचा आकडा हे क्षमतेचे माप नव्हे, हे यावरून दिसेल. जीटी ७३० वर ४ गिगाबाइट लिहिले असले तरी ते २ गिगाबाइटच्या जीडीडीआर५ जीटी १०३० पेक्षा बरेच मागे पडते.

प्रचलित पर्याय

केवळ चलचित्रे व दुसरा मॉनिटर एवढीच गरज असल्यास ३० वॅटचे जीटी १०३० पुरते. जीटी ७१० किंवा ७३० त्याहून स्वस्त असली तरी त्यांत व्हीपी९ उलगडण्याची सोय नाही, म्हणून या कामासाठी त्यांवर केलेला खर्च बहुधा वाया जातो. खेळ आणि संपादनासाठी २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ चे जीटीएक्स १६५० ही ७५ वॅटची कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात सहज आढळतात. जीटीएक्स १६५० च्या काही आवृत्त्यांना मात्र सहा पिनांची तार लागते. आरएक्स ६४०० सुमारे ५३ वॅटचे आहे, पण त्यात चलचित्र संकेतित करण्याची यंत्रणाच नाही, म्हणून ते संपादकाच्या कामाचे नाही. इंटेलचे आर्क ए३८० ६ गिगाबाइट स्मृती देते, परंतु रिसायझेबल बार ही सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डांवर त्याची गती लक्षणीय घटते.

दोन समान पर्यायांत ड्रायव्हरचे आयुष्य निर्णायक ठरावे. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी, म्हणजे जीटी १०३० व जीटीएक्स १०५० टीआय यांच्यासाठीही, खेळांचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षाविषयक सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. जीटीएक्स १६५० त्यापुढील ट्युरिंग पिढीचे असल्याने थोडे अधिक पैसे देऊन ते घेणे पुढे सोयीचे जाते. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र नाहीत. लिनक्सकडे वळणाऱ्यांना एएमडीची कार्डे सुलभ जातात, कारण त्यांचे मुक्त ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट असतात.

वापरलेली आणि बनावट कार्डे

कूटचलनाच्या उत्खननामुळे २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या किमती भडकल्या होत्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलल्यावर त्यासाठी वापरलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांच्या चिप सहसा शाबूत असतात, पण पंखे झिजलेले आणि उष्णतावाहक लेप वाळलेला असतो.

जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये फेरफार करून त्याला नव्या कार्डाचे नाव देण्याचा प्रकारही आढळतो. विंडोज मग तेच खोटे नाव दाखवते. जीपीयू-झेड ही विनामूल्य आज्ञावली मूळ चिप तपासते आणि अशी अनेक बनावट कार्डे ओळखते. आरएक्स ५८० च्या बाबतीत शेडरांची संख्या पाहावी. मूळ कार्डात ती २३०४ असते, तर २०४८ असलेली आवृत्ती दुय्यम आहे.

लॅमिंग्टन रस्ता

लॅमिंग्टन रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. १९०३ ते १९०७ या काळातील मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे जुने नाव मात्र व्यवहारात टिकून आहे. एकेकाळी चित्रपटगृहांसाठी प्रसिद्ध असलेल्या या रस्त्यावरच ‘शोले’ पाच वर्षे चाललेले मिनर्व्हा होते. पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस हा रस्ता असून भाईंदरहून तेथवरचे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात.

सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये कॅबिनेट घेऊन चढणे भाईंदरकरांना तरी सुचवता येणार नाही. त्याऐवजी एसएमपीएसवरील तक्ता, मदरबोर्डवरील नाव, स्लॉटचा परिसर आणि मॉनिटरमागील सॉकेट यांची छायाचित्रे मोबाइलवर न्यावीत, तसेच कॅबिनेटमधील मोकळी लांबी पट्टीने मोजून लिहून न्यावी. वापरलेले कार्ड दुकानातच दुसऱ्या संगणकावर जोडून दहा-पंधरा मिनिटे पूर्ण भारावर चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा.

बिनाबिलाची किंमत कमी सांगितली जाते, कारण ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. परंतु बिल नसल्यास वॉरंटी आणि तक्रार या दोन्ही वाटा बंद होतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकास आपल्या निवासाच्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे मुंबईच्या दुकानातील खरेदीबाबत मीरा-भाईंदरचा रहिवासी ठाणे जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. व्यापारी नसलेल्या खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या कार्डाला हे संरक्षण सहसा मिळत नाही.

बसवणी व देखभाल

कार्ड बसवण्यापूर्वी वीज पूर्ण बंद करून तार काढावी, धातूच्या कॅबिनेटला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत निचरू द्यावी आणि मगच कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबावे. मॉनिटरची तार मदरबोर्डऐवजी कार्डाला जोडणे अनेकदा राहून जाते आणि ‘कार्ड चालत नाही’ अशी तक्रार होते. मीरा-भाईंदर हे खाडी, समुद्र आणि मिठागरे यांच्या सान्निध्यातील शहर आहे. खाऱ्या दमट हवेने कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर थर जमतो. तो मऊ खोडरबराने पुसून काढण्याची कारागिरांची पद्धत उपयोगी आहे. पावसाळ्यात दीर्घकाळ बंद ठेवलेला संगणक सुरू होत नसल्यास नवे कार्ड घेण्याआधी हा उपाय करून पाहावा.

काढलेले निकामी कार्ड घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणाकडे जाणे अपेक्षित आहे. चालू स्थितीतील जुन्या कार्डाला मात्र त्याच बाजारात गिऱ्हाईक मिळते.