भारतातील विमादर-नियंत्रण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विमा म्हणजे भविष्यातील भरपाईचे वचन. त्याचा दर अवाजवी असल्यास ग्राहक नाडला जातो. फार कमी असल्यास वचन पाळण्यापुरता निधी उरत नाही. दरनियंत्रणाचा इतिहास या दोन टोकांमधील आहे.

विमा कायदा, १९३८ मध्ये १९६८ साली दुरुस्ती होऊन वैधानिक दर सल्लागार समिती (टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी) अस्तित्वात आली. आग, मोटार इत्यादी विम्यांचे दर ती ठरवू लागली. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्थांचे व्यवसाय चार कंपन्यांत विलीन झाले. एकसमान दरांमुळे स्पर्धेतून दर अवास्तव घसरण्याचा धोका टळला. मात्र दक्ष ग्राहकालाही स्पर्धेचा लाभ मिळेना.

१९९४ च्या मल्होत्रा समितीच्या अहवालानंतर १९९९ मध्ये विमा नियामक व विकास प्राधिकरण अधिनियम संमत झाला. १ जानेवारी २००७ पासून आग, अभियांत्रिकी व वाहनाच्या स्वतःच्या हानीच्या विम्याचे दर खुले झाले. वाहनाच्या तृतीय पक्ष विम्याचे दर मात्र नियंत्रितच राहिले. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा मूळ हप्ता प्राधिकरणाशी विचारविनिमय करून ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे आला.

हा अपवाद अर्थपूर्ण आहे. हा विमा कायद्यानेच सक्तीचा असल्याने वाहनमालकास तो नाकारता येत नाही. आणि ज्याच्या भरपाईसाठी तो असतो, तो अपघातग्रस्त करारात पक्षकारच नसतो. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य असेल तेथे स्पर्धा त्याचे काही अंशी रक्षण करू शकते. जेथे खरेदीची सक्ती कायदा करतो, तेथे वाजवी दराची जबाबदारीही शासनास टाळता येत नाही.