गोदावरीचे उतारू

सहलीस निघालेला आपल्याकडचा माणूस आंध्रातील राजमहेंद्रीस पोचला, की पापीकोंडांच्या घळीतून गोदावरीत नौकाविहार केल्यावाचून सहसा परतत नाही. दोन्ही अंगांना हिरवे डोंगर, मधे संथ पाणी आणि घाई कशाचीच नाही. आज तेथे यंत्राच्या लाँची चालतात. पूर्वी शिडाचे पडाव चालत. वारा अनुकूल असला की शीड, आणि वारा पडला की खांद्यावर दोर घेऊन काठाकाठाने पडाव ओढणारी माणसे! ही तर आपल्याच टोके-प्रवरासंगमावरून गेलेली गोदावरी. मग आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात शीड का दिसू नये?

याचे पहिले उत्तर भूमीच देते. पठारावरचे तिचे पात्र काळ्या पाषाणाचे. पावसाळ्यात ते दुथडी भरते, उन्हाळ्यात डोहाडोहांत उरते. अशा पात्रातून लांबचा माल वाहता येत नाही. म्हणून आपल्याकडे नदी ही प्रवासाची वाट झाली नाही. ती वाटेतली अडचण राहिली. पाणी कमी असले की उतार शोधायचा, चढले की तरीवर बसायचे आणि तरवाल्याच्या हाती जीव द्यायचा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवृत्तात आपल्या शेजारच्या पैठणचा उल्लेख आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथील गोमेदासारखे रंगीत खडे आडरानांतून गाड्यांनी भडोचला जात, असे तो सांगतो. गोदाकाठचे शहर, पण माल बैलांच्या मानेवर! भडोचला मात्र नर्मदेच्या मुखाशी राजाच्या चाकरीतले कोळी समोर जाऊन परकी गलबते वाळूच्या दांड्यांतून आत आणीत. त्या कोळ्यांची नावे लेखकाने दिलेली नाहीत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. अशा जागी आमचे बोट थांबते.

नदी ओलांडता न येणे म्हणजे काय, हे १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनास दिसले. निजामाच्या सैन्याचा एक भाग पलीकडे उतरला होता. दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे होता. माधवराव पेशव्यांनी त्याला गाठले. गोदावरीस पूर. निजाम पैलतीरावर असूनही मदत धाडू शकला नाही, आणि दिवाण मारला गेला.

इंग्रजांनी या नदीला वाट बनवून पाहिले. १८५२ मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पुरा करणाऱ्या आर्थर कॉटनची कल्पना अशी, की वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीतूनच समुद्राला न्यावा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हा या कल्पनेस जोर चढला. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या सिरोंच्याच्या आसपास आणि त्याच्या खाली नदीत खडकांचे तीन अडथळे आहेत. ते टाळण्यासाठी हिवतापाच्या रानात मजूर लावून कालवे खोदले. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोचली. १८७१ मध्ये नदीचे काम सोडून दिले. त्या मजुरांचे श्रम पात्रातच राहिले.

जे कॉटनला वरच्या खडकांत साधले नाही, ते निराळ्या कारणाने आपल्याकडे घडले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्‌घाटन केले. नाथसागराचे पाणी शेवगाव-नेवाशाच्या शिवारांत पसरले. आता शीड उभारावे एवढे रुंद पाणी आपल्या जिल्ह्यास लाभले आहे. थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात. १९८६ पासून तेथे अभयारण्य आहे.

धरण हवे होते. मराठवाड्याच्या कोरड्या रानांना पाणी मिळाले, कारखान्यांस मिळाले, शहरांच्या नळांस मिळाले. ते वाईट म्हणणारा मी नव्हे. परंतु त्या पाण्याखाली सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन आहे. तेथे काळी राने होती, विहिरी होत्या, गावांचे पार होते. ज्यांची जमीन गेली ते कालव्याच्या लाभक्षेत्रात नव्हतेच. ते पाण्याच्या वरच्या अंगाला राहिले. खाली पापीकोंडांपाशी पोलावरमच्या धरणामुळे कोया आदिवासींवर आज तीच वेळ आली आहे.

विहार अवश्य करावा. श्रमणाऱ्या माणसाला विसाव्याचा हक्क आहे, आणि तो हक्क मिळविण्यासाठी कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला आहे. मात्र नावेत बसताना नावाड्याला दोन प्रश्न विचारावेत: बाबा, तुला दिवसाकाठी काय मिळते? आणि या पाण्याखाली गाव कोणते होते? पहिल्या प्रश्नाला तो हसून बगल देईल कदाचित. दुसऱ्याचे उत्तर त्याला बहुधा ठाऊक असते, कारण कित्येकदा ते गाव त्याचेच असते.